सोल कुणाला विकावे?

बियरमध्ये फळ घालण्याची पद्धत काही नवी नाही. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास आंबट चेरी बियरच्या पिंपात महिनोन्महिने मुरवतात आणि तिला क्रीक म्हणतात. जर्मनीत गोजे नावाची एक आंबट बियर आहे, तिच्यात मीठ आणि धने असतात. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ साली पुण्यात सुरू झाली. त्यानंतर या लहान कारखान्यांनी आपल्याकडच्या फळांवरही प्रयोग सुरू केले. आंबा झाला, जांभूळ झाले, आणि मग पाळी आली आमच्या रातांब्याची.

हे सगळे मला कळले ते मित्राच्या मुलामुळे. माझी आणि त्याच्या वडिलांची दोस्ती चाळीस वर्षांची. मुलगा मायक्रोबायॉलॉजी शिकला आणि पुण्यातल्या अशाच एका ब्रुअरीत लागला. गेल्या मे महिन्यात मी पुण्याला गेलो होतो, तेव्हा तो मला आपले काम दाखवायला घेऊन गेला. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, साधारण ६५ ते ६८ अंशांच्या गरम पाण्यात ठेवतात, त्यामुळे धान्यातल्या पिठाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालायचे. एल जातीच्या बियरसाठी साधारण १८ ते २२ अंश तापमान ठेवतात. फळ बहुधा नंतर, पहिला जोर ओसरल्यावर घालतात. त्याची हंगामी बियर कोकमाची होती.

त्याने एक ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि माझ्यासाठी वेगळे कोकम सरबतही मागवले.

"काका, तुम्ही घेत नाही, मला ठाऊक आहे. आग्रह नाही. पण रातांबा तुमच्याइतका ओळखणारं इथं कुणी नाही. नुसता वास घेऊन सांगा, कोकम नीट उतरलंय का?"

मी वास घेतला. आधी ताज्या पावासारखा वास आला, तो माल्टचा. त्याच्याखाली सोलाचा. वास चांगला होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. न पिणे म्हणजे नाक मुरडणे नव्हे.

"सोल जुनं आहे," मी म्हणालो. "गेल्या सालचं असावं. आणि पुटं कमी दिलीत."

त्याने एक घोट घेतला, डोळे बारीक केले. "आधी आंबट, मग खारट, आणि शेवटी जिभेला ओढ लागते. पण मध्येच काहीतरी राहून जातं खरं." मग वही काढून माझे म्हणणे लिहून घेतले आणि म्हणाला, "मग यंदा तुमच्याच बागेतलं द्या ना, काका. दोनशे किलो. व्यापारी देतो त्याच्या दीडपट दर देतो."

दापोलीकडे आमची रातांब्याची चाळीसेक झाडे आहेत, माझी आणि धाकट्या भावाची मिळून. पहिला पाऊस जोरात आला की उरलेले फळ झाडाखाली कुजते, म्हणून घरातल्या सगळ्यांचे हात त्या दिवसांत लाल असतात. साले मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसाचे पुट द्यायचे. एवढे करून व्यापारी देईल तो दर घ्यायचा. दीडपट म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. भावाची मुलगी इंजिनियरिंगला आहे.

भाऊ म्हणाला, "भाई, व्यापाऱ्याला दिलेलं सोल पुढं कुठं जातं, आपण कधी विचारलं? कदाचित ह्याच टाकीत जात असेल."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. आणि हा प्रश्नही आमच्यापासून सुरू झालेला नाही. द्राक्षे विकणाऱ्यांपुढे तो बाराशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. दारू करणाऱ्याला द्राक्षाचा रस विकायला इमाम अबू हनीफांनी मुभा दिली, पण त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना ते पसंत पडले नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये हा फरक माहितीवर ठरतो. घेणारा दारूच करणार हे ठाऊक असेल तर विकू नये, नुसती शंका असेल तर ते मकरूह. म्हणजे भावाने जे बोट दाखवले, नेमक्या त्याच जागी उलेमांनीही बोट ठेवले होते. व्यापाऱ्याच्या गोणीविषयी मला फार तर शंका असेल. त्या टाकीजवळ मात्र मी स्वतः उभा राहून आलो होतो.

मला आमची दादी आठवली. अमृत कोकमात साखर कमी पडली की बरणी फसफसायची. ती झाकण उघडून वास घ्यायची, "ह्याला दारू चढली" म्हणायची आणि अख्खी बरणी परसात ओतून यायची. साखर भरपूर असली तर यीस्टचे काही चालत नाही, कमी असली तर ते ती खाऊन मद्यार्क करते, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले नबीज पैगंबर (स.) घेत असत आणि शिळे झाले की ते ओतून दिले जाई, हेही नंतर वाचले. दादीने यातले काही वाचले नव्हते. पण नाकाला कळल्यावर कळलेच नाही असे ती करत नसे.

आम्ही सोल विकले नाही. मित्राच्या घरी मात्र दरवर्षीसारखे पाच किलो पाठवले, आमटीसाठी आणि सोलकढीसाठी. मुलाला फोन करून कारणही सांगितले, कारण उगीच माल संपल्याचे निमित्त सांगणे बरे नव्हे. तो म्हणाला, "समजलं, काका. आईनं सोलं उन्हात टाकलीत."

भावाने मला एकच विचारले, "मग सोल कसं पारखायचं ते त्याला सांगितलंस, ती मदत नव्हे?"

मी म्हणालो, "पोरानं फळाविषयी विचारलं, मी फळाविषयी सांगितलं." तो हसला. हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही, हे मला दिसले, आणि त्याने तसे वाटून घेणे मला योग्यच वाटते. फीचा हप्ता त्याला भरायचा होता, तरी गोणी त्याने परत खळ्यातून उचलून माळ्यावर ठेवली होती.

यंदा आम्ही निम्मी साले अमृत कोकमासाठी राखली आहेत. त्याला सोलापेक्षा बरा दर येतो. साखर मापून घालायचे काम भावाने आपणहून घेतले आहे.