एक बाळ, दोन वह्या

अंगणवाडीत आज लसीकरण होतं. एकाच बाळाचं वजन सेविकाताईंनी मोबाइलवर भरलं, आशाताईंनी वहीत उतरवलं. एकीचं खातं महिला व बालविकास, दुसरीचं आरोग्य. अंगणवाड्या १९७५पासूनच्या, आशा २००५नंतरच्या. इतक्या वर्षांत नोंद काही एक झाली नाही.

बाळ अशक्त, आईच्या अंगात रक्त कमी. गोळ्या मिळतात, पोषण आहारही मिळतो. पण दसऱ्यानंतर कुटुंब ऊसतोडीला जाणार, हे कुठल्या रकान्यात भरायचं? कोयता उचलला की पाठपुरावा तुटतो. फडावर कोण वजन घेणार?

अशा वेळी जामखेड आठवतं. १९७०मध्ये तिथे गेलेल्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्याकडे गावकऱ्यांनी पहिली गरज मांडली अन्न-पाण्याची. दोघांनी तेही डॉक्टरांचंच काम मानलं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यांना घराघरातलं ठाऊक असायचं: कुणाचा नवरा पितो, कुणाकडे चूल पेटली नाही.

आपल्याकडे समन्वयाच्या बैठका होतात (चहा बरा असतो). मला वाटतं, आशाताई आणि सेविकाताईंना एकच यादी आणि साखर कारखान्याच्या गावातल्या आशाताईंचा फोन नंबर दिला, तरी निम्मं काम होईल. नंबर उद्या मीच शोधते.