उसना हात

परभाषेंतील वाक्प्रचार शिकवितांना शिक्षकाची जी फजिती होते, ती बहुधा वर्गाच्या चार भिंतींतच राहते. परंतु ह्या वर्षीं झालेली आमची एक फजिती वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. कारण तींत चूक आमची होती आणि शिकवणूक एका विद्यार्थ्याची.

इंग्रजींत 'लेंड अ हॅण्ड' असा एक वाक्प्रचार आहे. 'लेंड' म्हणजे उसनें देणें, 'हॅण्ड' म्हणजे हात. आणि दोहोंचा मिळून अर्थ, कामांत अडलेल्यास साह्य करणें. इयत्ता नववीच्या वर्गांत आम्हीं तो फळ्यावर लिहितांच पुढच्या बांकावरून उत्तर आलें, "हातउसनें देणें!" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. हातउसनें म्हणजे कागद न करतां, व्याज न लावतां, चार दिवसांच्या बोलीवर दिलेले पैसे. येथें तर पैशाचा संबंध नाहीं. मग आम्हीं नेहमींचे नियम सांगितले. साह्य करणारे पन्नास असले तरी 'हॅण्ड' हा शब्द एकवचनींच ठेवावा. भूतकाळीं 'लेंट' म्हणावें. आणि 'लेंड' व 'बॉरो' ह्यांची गल्लत करूं नये. मराठींत उसनें देतात आणि उसनेंच घेतात; म्हणून आमचीं मुलें शेजाऱ्याजवळ पेन मागतांना 'बॉरो मी' म्हणतात, आणि आम्ही गेलीं वीस वर्षें तें खोडीत आहों.

पण नुसतें 'देणें' सोडून 'उसनें देणें' कां, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता. शेक्सपिअरच्या 'जूलियस सीझर' नाटकांत अँटनी रोमन नागरिकांपाशीं त्यांचे कान उसने मागतो. भाषण संपलें कीं ज्याचे कान त्याला परत. हाताचेंही तसेंच असेल, एवढ्यावर आम्ही समाधान मानलें होतें. बॉस्टन येथील धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल ह्यांनीं 1870 मध्यें 'टेन टाइम्स वन इज टेन' ही कथा प्रसिद्ध केली. तिच्या प्रभावानें ठिकठिकाणीं परोपकारी मंडळें निघालीं, व त्यांतील अनेकांनीं ह्याच वाक्प्रचाराचें नांव घेतलें. ही हकीकतही आम्हीं वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगितली. उसनेपणाविषयीं मात्र चकार शब्द काढला नाहीं.

पुढें चांचणींत भाषांतरासाठीं एक वाक्य घातलें. पुरांत एकाचें घर पडलें, शेजाऱ्यांनीं 'लेंट अ हॅण्ड', आणि घर पुन्हां उभें राहिलें. अपेक्षित उत्तर 'हातभार लावला' हें होतें. एका मुलानें लिहिलें, 'शेजाऱ्यांनीं सावड केली.' शब्द ग्राम्य आहे असा शेरा मारून आम्हीं दोन गुण कापले. दुसऱ्या दिवशीं तो उत्तरपत्रिका घेऊन आला व हळूच म्हणाला, "सर, हातभार लावला तर तो परत करायचा नसतो. इथं तर 'लेंड' आहे ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उत्तर न सुचलेला शिक्षक जें करतो तेंच आम्हीं केलें. घंटा झाली, जागेवर बस, असें म्हटलें.

त्यानंतर तो आठवडाभर शाळेंत आला नाहीं. त्याचें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं. वडील हयात नाहींत. शाळेच्या गरीब विद्यार्थी निधींतून वह्यापुस्तकें देण्यासाठीं आम्हीं दोन वेळां अर्ज घरीं पाठविला होता, आणि दोन्ही वेळां तो कोराच परत आला होता. शिक्षकांच्या खोलींत आम्ही ह्यास ताठा म्हणत असूं. शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या गांवीं गेलों. आषाढाचा पाऊस कोसळत होता. मायलेक भातलावणी करीत होतीं, पण शेत दुसऱ्याचें होतें.

तेथें बांधावर सावड म्हणजे काय तें आम्हांस समजलें. इर्जिक घातली म्हणजे गांव एक दिवस राबतो आणि ज्याचें काम तो सर्वांस जेवूं घालतो. सावडीचा व्यवहार निराळा. आज माझ्या शेतांत तुम्ही, उद्यां तुमच्या शेतांत आम्ही, दिवसास दिवस. रोपें वेळेवर लागलीं नाहींत तर हंगाम बुडतो, आणि मजुरीस पैसा नसतो. म्हणून हातच उसने फिरतात. कोठें लिहून ठेवीत नाहींत, तरी कोणाचा किती दिवस कोणाकडे आहे हें सर्वांस पाठ असतें. बाई म्हणाल्या, "शाळंचं घेतलं तर फेडू कशी, सर? सावडीचं तसं न्हाई. काल त्या माझ्याकडं आल्या, आज मी त्यांच्याकडं."

लूकच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायांत परतीची आशा न धरतां उसनें देण्याविषयीं प्रभूनें सांगितलें आहे. प्रार्थनेच्या वेळीं तो भाग आम्हीं अनेकदां वाचून दाखविला, पण नेहमीं देणाऱ्याच्या बाजूस उभें राहून. देणाऱ्यानें आशा धरूं नये हें खरें. परंतु घेणाऱ्याची फेडीची वाट अडवावी, असें तेथें कोठें म्हटलें आहे? आमच्या त्या अर्जावर फेडीचा रकानाच नव्हता.

आम्हीं पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली व चिखलांत उतरलों. आमची ओळ इतकी वांकडी गेली कीं मागून येणाऱ्या मुलानें ती मुकाट्यानें पुन्हां लावली. निघतांना बाई म्हणाल्या, "तुमचा एक दिस आमच्याकडं लागला बरं." दिवस कसला, जेमतेम दोन तास, पण आम्हीं वाद घातला नाहीं.

सोमवारीं दोन गुण परत दिले, आणि कां दिले तें वर्गास सांगितलें. मुख्याध्यापकांशीं बोलून त्या मुलास निधींतून पुस्तकें उसनीं दिलीं. वर्षाअखेर तीं पुढच्या मुलासाठीं परत करावयाचीं अशी बोली केली. ह्या वेळीं अर्ज सहीसह आला.

नाताळाच्या आदल्या दिवशीं वसतिगृहाच्या जेवणासाठीं तांदूळ निवडण्याचें काम चाललें होतें. पाहतों तों त्या बायकांत ह्या बाई येऊन बसलेल्या. 'आपण कशाला त्रास घेतलात' हे शब्द आमच्या अगदीं ओंठांवर आले होते. त्यांनीं सूप पुढें ओढलें व म्हणाल्या, "तुमचा एक दिस राहिला हुता न्हवं?" आम्ही त्यांना पाणी आणून दिलें. दिवेलागणीपर्यंत त्या उठल्या नाहींत.