वीस यार्डांचा फटका

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ, असा आपल्याकडे समज आहे आणि क्लबांच्या वर्गण्या पाहिल्या तर त्याला खोटे म्हणवत नाही. पण त्या हिरवळीवरही गरिबी नांदते. ज्याचा हँडिकॅप २४, तो तिथला दरिद्री. अठरा खळग्यांत चेंडू घालायला चांगल्या खेळाडूला ७२ फटके लागतात. आमच्यासारख्याला ९६च्या आसपास लागणारच, हे नियम करणाऱ्यांनी उदार मनाने मान्य करून टाकले आहे. त्या सवलतीचे नाव हँडिकॅप.

गंमत अशी, की आम्हा दरिद्री मंडळींचा सारा जीव अडकलेला असतो तो पहिल्या फटक्यात. ड्रायव्हर काढायचा, कंबर पिळायची आणि चेंडू आभाळात भिरकावायचा! रविवारी सकाळी सरावाला आलेले बहुतेक सारे हेच करतात. चिपसाठी राखलेला कोपऱ्यातला तुकडा मात्र दुपारच्या देवळासारखा ओस. चिप म्हणजे ग्रीनच्या काठावरून मारायचा बुटका फटका. चेंडू थोडासा उडतो आणि पुष्कळसा घरंगळतो. चांगल्या खेळाडूचा चेंडू बहुधा थेट ग्रीनवर पडतो, त्याला चिपची गरज त्या मानाने कमी. आमचा चेंडू नेमका वीस यार्ड अलीकडे येऊन बसतो, जवळजवळ प्रत्येक खळग्याला. रोज उधारी करणाऱ्यानेच हिशेब शिकू नये, तसा हा प्रकार आहे.

बरे, चिप बिघडते ती ताकदीअभावी नव्हे. माणूस चेंडूला उचलू पाहतो. बरणीच्या तळातले तूप चमच्याने काढावे तसे मनगट वाकवून. मग काठी एक तर आधी जमिनीत रुतते आणि चेंडू वीतभर सरकतो, नाही तर चेंडूच्या माथ्यावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जातो. चेंबूरच्या मैदानावर एका वयस्क कॅडीने मला सांगितले होते, "साहेब, उचलायचं काम काठीचं. तुम्ही मधे पडू नका." खरेच आहे ते. पात्याला तिरकेपणा दिलेला असतो तो त्यासाठीच. आपण पाय जवळ ठेवावेत, भार पुढच्या पायावर टाकावा, चेंडू किंचित मागच्या पायाकडे घ्यावा, हात चेंडूच्या पुढे राखावेत आणि मनगटांना रजा द्यावी.

नजर मात्र खळग्यावर नको. चेंडू जिथे टेकवायचा ती जागा हेरावी. ग्रीनच्या काठापासून हातभर आत. नऊ नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू एक भाग उडतो आणि तीन भाग घरंगळतो. सात नंबरने एकास पाच. हा हिशेब सपाट, कोरड्या ग्रीनचा. जुलैत आपल्याकडे चेंडू पडेल तिथेच रुसून बसतो. तेव्हा अधिक तिरकी काठी घेऊन तो खळग्याच्या जवळ टाकावा.

अमेरिकेतला पॉल रनयन हा लहान चणीचा खेळाडू. १९३८ साली पी. जी. ए. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ सॅम स्नीडशी पडली. स्नीडचा पहिला फटका रनयनच्या कितीतरी पुढे जाई. पण सात खळगे खेळायचे बाकी असतानाच रनयन आठने पुढे होता. सामना तिथेच संपला. हा गृहस्थ चिपसुद्धा पटरसारखीच मारी. काठी उभी धरून, मनगट न हलवता. त्याला विषाची लहानशी पुडी अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. मला तरी ते पदकाहून मोलाचे वाटते.

सांगायचे कारण असे, की आमच्या चौकडीतल्या दोघांनी खेळ सोडला. गुडघे दुखतात हे निमित्त. खरे दुःख चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही, हे. माझाही जात नाही. दरसाल काही यार्ड मागे राहतात आणि ते परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी न सांगताही कळते. पण वीस यार्डांच्या फटक्याला गुडघा मधे येत नाही. उरलेल्या भिडूने शनिवारी फोन केला, की मी अजून हो म्हणू शकतो, तो एवढ्याच आधारावर.

म्हणून संध्याकाळी गच्चीत काथ्याची चटई अंथरतो, चार पावलांवर पायपुसणे टाकतो आणि त्यावर चेंडू टेकवत बसतो. सौभाग्यवतींचे म्हणणे, पायपुसणे तरी जुने घ्या. परवा दहांतले सहा पडले. नातवाचे सात.