सरसाचे भांडे

जालन्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही गेली तीस वर्षे घराच्या मागच्या खोलीत मी लाकडी गलबतांच्या प्रतिकृती करीत आलो. वखारीतून सागवानाचे तुकडे आणावेत, सरळ रेषेचे निवडून दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढाव्यात, त्या काचपेपरने एकसारख्या कराव्यात. कण्यावर फासळ्या उभ्या करताना प्रत्येक कोन गुण्याने तपासावा. पट्टी गरम पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवावी. एक पट्टी डावीकडे बसवली की दुसरी उजवीकडेच बसवावी. एकाच बाजूने घाई केली तर कणा पिळवटतो आणि गलबत कायमचे वाकडे होते. पट्ट्या धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे पुरतात. हे सारे सांधायला मात्र मी एकच वस्तू वापरीत असे : सरस.

आई त्या खोलीत कधी आली नाही. दुपारचा चहा ती उंबरठ्यावर ठेवी आणि परत फिरे. तिला भुशाचा त्रास होत असावा, अशी मी समजूत करून घेतली होती. तिला जाऊन आता नऊ वर्षे झाली.

मे २०२५ च्या सुटीत नात आली. मंद आचेवरच्या भांड्याकडे पाहून तिने नाक मुरडले. "आजोबा, सरस कशापासून करतात?"

जनावरांची कातडी आणि हाडे उकळून. मला हे माहीत नव्हते असे म्हणेन तर ते असत्य ठरेल; मी फक्त कधी विचारात घेतले नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवणारे, पाणी गाळून पिणारे आमचे घर, आणि त्याच घरात हे भांडे तीस वर्षे शिजत होते. आई उंबरठ्यावर का थांबे, ते त्या क्षणी कळले. तिने एका शब्दानेही मला टोकले नव्हते.

त्याच महिन्यात, २१ मे रोजी, कारवार येथे शिवलेले जहाज नौदलात दाखल झाल्याचे वृत्त वाचले. पुढे त्याचे नाव 'कौंडिण्य' म्हणून सर्वांना परिचित झाले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याने शिवलेल्या आहेत. जुने आराखडे उपलब्ध नसल्याने अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या चित्रावरून त्याची रचना ठरवली गेली. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी ते शिवले.

नातीला घेऊन भोकरदन, सिल्लोडमार्गे मी अजिंठ्याला गेलो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. आपल्या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध नाही, हा माझा समज तेथेच गळून पडला. दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे ते जहाज आम्ही पुष्कळ वेळ पाहत उभे राहिलो.

परतल्यावर नवे काम आरंभले. शिवलेल्या जहाजात आधी फळ्यांचे कवच होते, फासळ्या मागाहून बसतात. म्हणून प्लायवुडचे तात्पुरते साचे उभे करून त्यांवर पट्ट्या वाकवल्या. कडेजवळ टोच्याने भोके पाडताना पहिल्या तीन पट्ट्या उभ्या चिरल्या. मग हाताने फिरवायचे बारीक गिरमिट घेतले. समोरासमोरच्या भोकांतून सुती दोरा ओवायचा, सांध्यावर काथ्याची लड दाबून धरायची आणि दोरा आवळायचा. फार आवळला तर लाकूड फुटते, सैल ठेवला तर फट राहते. भोके राळ व जवसाच्या तेलाच्या मिश्रणाने बुजवली. शिवलेले सांधे लाटेबरोबर किंचित लवतात, म्हणून असे जहाज ताण सोसू शकते, हे हाताला पटले.

अर्धे गलबत अजून शिवायचे आहे. नात दर रविवारी फोनवर किती टाके झाले, ते विचारते. सरसाने जोडलेली जुनी गलबते मी मोडली नाहीत. ती मोडून माझ्या हातून झालेले पुसले जाणार नाही. भांडे मात्र घासून, धुऊन बाहेर ठेवले.

परवा चहा घेऊन पत्नी आली. उंबरठ्यावर न थांबता ती आत आली आणि बाकावर बसून तिने सुईत दोरा ओवून दिला.