तयार कीं घडीव ?

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. तो वांटणीचा नव्हता, सोयरिकीचा नव्हता, कीं कोणाच्या नोकरीचाही नव्हता. तो होता एका सायकलीचा. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा एकोणीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें दोन वर्षें शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून तीस हजार रुपये सांठविले होते, आणि त्यांतून त्याला ‘फिक्स्ड गिअर’ या जातीची सायकल घ्यावयाची होती. घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न पहिल्याच रात्रीं मिटला. कारण कष्टाच्या पैशाला वडीलधाऱ्यांनीं आडवें येऊं नये, असा आमच्या घरचा रिवाज आहे. खरा वाद पुढेंच होता. दुकानांत तयार उभी असलेली सायकल घ्यावी, कीं सुटे भाग जमवून आपल्या मापाची आणि मनाजोगी घडवून घ्यावी ?

ही सायकल म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण आम्हांसही तें कळावयास दोन दिवस लागले. नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतें. पाय थांबविले तरी चाक फिरत राहतें, आणि उतारावर स्वार निवांत बसून असतो. या सायकलींत ती सोय नाहीं. मागची दांत्यांची चकती हबला घट्ट जखडलेली असते. चाक फिरत आहे तोंवर पायडलें फिरणार, आणि पायडलें फिरत आहेत तोंवर पायही फिरणार. पायांनीं उलट जोर दिला म्हणजे चाक मंदावतें. आम्हीं संस्कृताच्या संवयीनें हिला ‘बद्धचक्र’ आणि नेहमीच्या सायकलीला ‘मुक्तचक्र’ अशीं नांवें दिलीं. त्यावर पुतण्या हंसून म्हणाला, ‘नानाकाका, मग मुक्त सोडून बद्ध कां व्हावें, असें तुम्ही आतां विचारणार !’ आम्ही तेंच विचारणार होतों. त्याचें उत्तर असें कीं, या सायकलीवर रस्ता पायांना कळतो. हें उत्तर त्या वेळीं आम्हांस पटलें नाहीं, पण मनांत राहिलें.

वस्तुतः हा कांहीं नवा शोध नव्हे. आरंभींच्या सायकली बद्धचक्रच होत्या. पुढें प्रचंड चाक असलेल्या जुन्या सायकलीचीं पायडलें तर थेट त्या चाकाच्या आंसालाच बसविलेलीं असत. १८८५ सालीं इंग्लंडमध्यें जॉन केम्प स्टार्ली यानें साखळीनें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. मुक्तचक्राचा सार्वत्रिक प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला. १९०३ सालीं सुरू झालेल्या फ्रान्सच्या सुप्रसिद्ध प्रदक्षिणेंत मुख्य स्पर्धकांना गिअर बदलण्याचें यंत्र वापरण्याची मुभा १९३७ सालीं मिळाली. आजही वाटोळ्या, कडेला चढत जाणाऱ्या धावपट्टीवरील शर्यती बद्धचक्रावरच आणि ब्रेकविना होतात. अशी धावपट्टी पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरींत आहे. तेथें सगळे एकाच दिशेनें जातात, आणि समोरून रिक्षा येत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

आमचें घर मानपाड्यास, घोडबंदर रस्त्याच्या लगत. जुन्या घराच्या जागीं आतां इमारत आहे. आम्हां भावांचीं बिऱ्हाडें एकाच मजल्यावर असून स्वयंपाक मात्र एकच आहे. रात्रीच्या जेवणानंतर सभा भरली. मुलाच्या मातोश्रींनीं प्रथमच बजावलें कीं, ब्रेक नसलेलें वाहन या घरांत यावयाचें नाहीं. त्यांची भीति अनाठायी नव्हती. २०१६ सालीं लंडनमध्यें पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली, आणि पुढील वर्षीं न्यायालयानें त्या तरुण स्वारास १८ महिन्यांची शिक्षा दिली. इंग्लंडच्या नियमांत बद्धचक्र हा मागचा ब्रेक म्हणून मानला जातो, परंतु पुढें स्वतंत्र ब्रेक असलाच पाहिजे, असा दंडक आहे. आमच्या दारावरून तर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. ब्रेकचा ठराव एकमतानें संमत झाला. बंधु म्हणाले, ‘तयार घ्यावी. पावती मिळते, हमी मिळते.’ पुतण्याचा बेत निराळा होता. गच्चीवरच्या खोलींत असलेली आजोबांची सायकल घ्यावयाची, तिची फ्रेम ठेवावयाची, आणि बाकी सगळें आपल्या आवडीचें बसवावयाचें. त्या खोलीची किल्ली आमच्याकडे असते. साहजिकच सर्वांच्या दृष्टि आमच्याकडे वळल्या.

त्या सायकलीविषयीं दोन शब्द लिहितों. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तेथील एका कारखान्यांत वडील हिशेबनीस होते. ते मानपाड्याहून रोज सायकलनें जात आणि दिवेलागणीला परत येत. निवृत्तीच्या दिवशींही ते तिच्यावरूनच घरीं आले. त्यांना जाऊन आतां तेवीस वर्षें झालीं. सायकल विकण्याचा विषय दोनदां निघाला, आणि दोन्ही वेळां आम्हीं तो ऐकूं न आल्यासारखें केलें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आम्हीं घडीव सायकलीचा पक्ष घेतला, आणि तो मुलाच्या हितासाठीं घेतला असें सर्वांना भासविलें. ‘आमचे सदरे शिंप्यानें माप घेऊन शिवले, वहाणाही पायाचें माप देऊन केल्या; बाजारांतली सरसकट वस्तु ती काय !’ असें मोठें व्याख्यान दिलें. चाळीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला व्याख्यान देणें अवघड नसतें. खरी गोष्ट अशी कीं, वडिलांची सायकल पुन्हां रस्त्यावर धांवतांना आम्हांस पाहावयाची होती. मुलाची हौस ही आमच्या इच्छेला मिळालेली सबब होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे ती सायकल घेऊन सेवारस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं ती उलटी उभी केली, मागचें चाक फिरवून पाहिलें आणि म्हणाले, ‘मास्तर, फ्रेम झकास आहे. मागचा ॲक्सल आडव्या खांचेंत बसतो, त्यामुळें मागें-पुढें सरकवून चेन ताणतां येईल. पण हा हब चालणार नाहीं.’ आम्हीं कारण विचारलें. त्यांनीं तें बोलून न दाखवितां करून दाखविलें. फ्रीव्हील उतरवून त्याच आट्यांवर एक साधी चकती घट्ट फिरविली, चाक आम्हांस धरावयास सांगितलें, आणि चकतीवर साखळीचा तुकडा अडकवून उलट दिशेनें हिसका दिला. चकती सुटली आणि गरगर फिरत बाहेर आली.

‘पुढें जोर लावलात कीं आवळते, मागें लावलात कीं सुटते,’ मिस्त्री म्हणाले. ‘फिक्सचा हब वेगळा असतो. त्याला चकतीच्या बाहेर आणखी एक रिंग असते, तिचे आटे उलटे. चकती सुटूं लागली कीं ती रिंग तिला अडविते. ती नसली तर चकती सुटणार केव्हां ? तुम्ही थांबायला जाल तेव्हांच.’

हें ऐकून आमच्या पोटांत गोळा आला. पुतण्या व त्याचे मित्र पहाटे येऊरच्या डोंगरावर सायकली घेऊन जातात, हें आम्हांस ठाऊक होतें. घरीं येऊन आम्हीं पाटी घेतली. पुढें ४६ दांते व मागें १६ धरले तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ६ मीटर जाते. ताशीं ३० किलोमीटरच्या वेगाला मिनिटांत सुमारें ८३ फेरे पडतात; उतारावर वेग ४५ झाला तर सुमारें १२४. इतक्या वेगानें फिरणाऱ्या पायांखालून चकती निसटली तर काय होईल, तें आम्हीं पाटीवर मांडलें नाहीं.

योग्य हब आणून ही अडचण दूर होणार होती. परंतु मिस्त्रींनीं पुढचें सांगितलें तें असें. जुन्या मागच्या रिमला ४० स्पोक आहेत, आणि तसला नवा हब बहुधा ३२ किंवा ३६ भोकांचा मिळतो. म्हणजे रिम बदलणें आलें. नव्या धर्तीची रिम ६२२ मिलिमीटर व्यासाची, जुनी ६३५ ची. म्हणजे शिगांचा ब्रेक तिला नीट लागणार नाहीं, तोही बदलणें आलें. एक बदलावें तों दुसरें बदलावें लागतें. शेवटीं वडिलांच्या सायकलीचें उरणार काय, तर तीन नळ्या आणि एक चिमटा. ‘त्यापेक्षां नवी फ्रेमच मापावर करून घ्या,’ असेंही ते म्हणाले. ‘पण मग माप सांगा. पायाचें मी घेतों. हात किती ताणणार ? ताठ बसणार कीं वांकून ?’

पुतण्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, मी तिच्यावर अजून बसलोंच नाहीं. तर हें मी कसें सांगूं ?’

आमच्या मतें सगळ्या वादाचा निकाल त्या एका वाक्यांत लागला. जपानांत १९४८ पासून ‘केइरिन’ नांवाच्या बद्धचक्राच्या शर्यती होतात. तेथील स्वार आपल्या मापाच्या पोलादी फ्रेमी कारागिराकडून घडवून घेतात. परंतु त्यांना आपलें माप ठाऊक असतें, कारण त्यांचीं वर्षेंच्या वर्षें खोगिरावर गेलेलीं असतात. नवशिक्याचें माप शिंप्याच्या फितीनें घेतां येत नाहीं. चार महिने चालविल्यावर त्याची पाठ वांकते, हात सैल होतात, सीट दोन बोटें वर जाते. आज घेतलेलें माप तोंवर खोटें ठरतें.

पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीं एक मार्मिक दाखला आहे. ज्याला घटाचें काम आहे तो कुंभाराच्या घरीं जाऊन घट करून मागतो. परंतु ज्याला बोलावयाचें आहे तो वैयाकरणाच्या घरीं जाऊन शब्द करून मागत नाहीं. हा दाखला आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल, परंतु घरच्या प्रश्नाला लावून पाहिला नव्हता. पहिले शब्द आपणांस तयारच मिळतात, आईच्या तोंडचे. मुलांकडून आम्हीं विभक्तीचीं रूपें पाठ करून घेतलीं तींही तयारच. स्वतःची वाक्यरचना मागाहून आली. ज्यानें पहिल्याच दिवशीं स्वतःचें व्याकरण करूं म्हटलें असतें, त्याला आम्हीं बांकावर उभें केलें असतें. मग सायकलीच्या बाबतींत आम्ही त्याच मुलाची बाजू घेऊन कां बसलों होतों ?

त्या रात्रीं आम्ही एकटेच गच्चीवर गेलों. वडिलांच्या सायकलीची चामड्याची सीट उजव्या बाजूस अधिक दबलेली आहे. वडिलांचा डावा पाय किंचित अधू होता, आणि ते सारा भार उजवीकडे टाकून बसत. त्या दबलेल्या चामड्यावर हात ठेवला तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ही सायकल कोणी घडवून घेतलेली नव्हती. इतर सायकलींसारखीच ती खोक्यांतून सुटी आली, आणि दुकानदारानें दारांत बसून जुळवून दिली. ती वडिलांच्या मापाची झाली ती मागाहून, रोजच्या जाण्यायेण्यानें. आम्ही मात्र तिला घडीव समजून, घडीव वस्तूचा आग्रह तिच्या नांवानें धरीत होतों.

दुसऱ्या रात्रीं आम्हीं सभेंत आपलें मत मागें घेतलें आणि त्याचें खरें कारणही सांगितलें. पुतण्याला वाईट वाटेल अशी आमची समजूत होती. तो म्हणाला, ‘नानाकाका, आजोबांची सायकल कापावी लागेल कीं काय, याचीच मला भीति वाटत होती. पण तुम्हांला ती चालायला हवी होती, म्हणून मी बोललों नाहीं.’ म्हणजे ज्याची सबब आम्हीं केली, तो आमच्यासाठींच गप्प होता. एकत्र कुटुंबांत असें पुष्कळदां घडतें.

तयार सायकल घेतली. दोन्ही ब्रेक असलेली, आणि मागच्या हबच्या एका बाजूस बद्ध चकती व दुसऱ्या बाजूस फ्रीव्हील असलेली; चाक काढून उलटें बसविलें कीं बद्धाची मुक्त होते. पहिला महिना त्यानें मुक्त बाजूनें काढला. मग एका रविवारीं चाक उलटलें, आणि पहिल्याच वळणावर संवयीनें पाय थांबवावयास जाऊन चांगलाच उसळला. पण ब्रेक होते.

घडण मात्र थांबली नाहीं. पाय रोखून मागचें चाक घसरवीत थांबण्याची एक रीत आहे. तीं घसरणीं टायर झिजवितात. दुकानांतून आलेल्या सायकलीला पुढें ४८ व मागें १६ दांते होते. ४८ भागिले १६ बरोबर ३. म्हणजे पायडल तेंच राहिलें तर चाकही प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं घांसणार, आणि टायर एकाच जागीं फाटणार. मागें १७ दांत्यांची चकती घातली तर दोहोंत साधारण विभाजक राहत नाहीं, आणि झीज १७ जागीं वांटली जाते. हें गणित त्यानें आम्हांस समजाविलें, आणि श्रावणांत चकती बदलली. दसऱ्यापर्यंत सीट दीड इंच वर गेली, हँडल खालीं आलें. आतां ती सायकल दुसऱ्या कोणाला नीट चालवितां येत नाहीं. पुढेंमागें त्यानें मापावर फ्रेम करविली, तर त्याच्याजवळ सांगावयास माप असेल.

वडिलांची सायकल मिस्त्रींनीं होती तशीच, फ्रीव्हीलसकट, दुरुस्त करून दिली. टायर, ट्यूब आणि ब्रेकचीं रबरें नवीं. बाकी सर्व जुनें. आम्ही तिच्यावरून सकाळीं दूध आणावयास जातों. सीट उजवीकडे दबलेली आहे, आणि आमचे दोन्ही पाय धड असल्यामुळें ती आम्हांस टोंचते. ती बदलून घ्या, असें भावजयी दर आठवड्यास म्हणतात. अजून आम्हीं बदललेली नाहीं.