काजू, पिस्ता आणि बिब्बा : एकाच घरची मंडळी

माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगणार आहे. तिच्यामुळेच मी या वयात पुन्हा वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं.

माझा दवाखाना सिंधुदुर्गात आहे. इथे काजूची कलमं नसलेलं घर शोधावं लागेल. नऊ वर्षांपूर्वी गणपतीत चार वर्षांच्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. काजूकतली खाल्ल्यावर दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. औषध दिलं, तासाभरात उतरलं. "काजूची अ‍ॅलर्जी आहे, काजू पूर्ण बंद," मी बजावून सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तीन महिन्यांनी एका लग्नातून तिला थेट दवाखान्यात आणलं. उलटी झालेली, आवाज घोगरा, छातीत शिट्टी वाजत होती. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, सोबत जाऊन मोठ्या हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवलं. अशा रिअ‍ॅक्शनची दुसरी लाट काही तासांनी येऊ शकते, म्हणून. पोर सावरली. बाहेर बाकावर आई रडत म्हणाली, "काजू देवूक नाय हां डॉक्टरांनू, पिस्त्याची कुल्फी दिली."

ती माझं ऐकूनच वागली होती. पिस्ता मीच सांगितला नव्हता.

काजू आणि पिस्ता ही सख्खी भावंडं म्हणावीत इतकी जवळची. दोघांच्या गरातली काही प्रथिनं एवढी सारखी असतात, की काजूविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडं पिस्त्यालाही काजूच समजतात. म्हणून एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसराही बंदच ठेवायचा, निदान तपासणी होईपर्यंत. शेंगदाणा मात्र कडधान्यांच्या कुळातला, बदाम गुलाबाच्या. त्यांची अ‍ॅलर्जी वेगळी असू शकते, पण ती नात्याने येत नाही.

हे कुळ म्हणजे आम्रकुळ, शास्त्रीय नाव अ‍ॅनाकार्डिएसी. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, आंबाडा आणि आपला बिब्बा, सगळे यात. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून गोव्यात आणला. बिब्बा आधीपासून इथलाच. 'अनाकार्डियम' हे नावसुद्धा जुन्या वैद्यकात बिब्ब्याचं होतं, लिनियसने ते काजूला दिलं. दोघं शेजारी ठेवून पाहा : खाली मांसल बोंड, टोकाला बाहेर लटकणारी बी. बोंड म्हणजे फुगलेला देठ, खरं फळ ती बीच. आणि दोघांच्याही टरफलात जाळणारं तेल.

या तेलाची गोष्ट त्याच मुलीच्या बापाकडून शिकावी. दर मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू सोलून त्याच्या बोटांची सालं निघतात, मनगटावर फोड येतात. पण काजूगर तो मूठ मूठ खातो, काही होत नाही. एकाच घरात बापाला टरफल बाधतं, लेकीला गर.

दोन्ही आजार वेगळे आहेत. टरफलाच्या तेलातली अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्यं कातडी थेट भाजतात, शिवाय काहींच्या पांढऱ्या पेशींना चेतवतात. हे दुसरं पुरळ सहसा एक-दोन दिवसांनी उठतं, भयंकर खाजतं, पण त्याने श्वास अडकत नाही. बिब्ब्याचं तसंच. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत आणि त्या खुणेखालीच माणसाच्या मानेवर चट्टा उठे. आपल्या भाषेत कामात 'बिब्बा घालतात' तो उगाच नाही! अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीचं द्रव्य याच जातीचं, म्हणून ती वेल एकदा बाधलेल्या माणसाच्या ओठांभोवती आंबा सालीसकट चोखल्यावर पुरळ येऊ शकतं. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं. द्रव्य आंब्याच्या सालीत आणि देठाच्या चिकात असतं, रसात जवळपास नाही.

बापाला मी सांगितलं ते असं : सोलण्याआधी हातांना खोबरेल, जमल्यास मोजे, काम झाल्यावर लगेच साबणाने धुणं, आणि त्या हातांनी डोळे चोळायचे नाहीत. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरतं ही समजूत खोटी आहे. घरातली एक जादा अट अशी, की गर हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय लेकीचं ताट वाढायचं नाही.

लेकीची यादी लांब झाली. काजू, पिस्ता, आणि तपासल्याशिवाय चारोळी नि गोडंबीही नाही (गोडंबी म्हणजे बिब्ब्यातला गर, आपण डिंकाच्या लाडवांत घालतो). हॉटेलातली पांढरी-केशरी ग्रेव्ही नाही, कारण ती बहुतेक काजूच्या वाटणाचीच असते. तोंड सुजून सोबत उलटी, खोकला किंवा घोगरा आवाज आला तर गोळीवर थांबायचं नाही. गोळीने खाज कमी होते, श्वासनलिका उघडत नाही. आडवं झोपवायचं, दम लागला असेल तर बसू द्यायचं, आणि अ‍ॅड्रेनालिन. आपल्याकडे ते पेनसारखं तयार सहजी मिळत नाही, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्राला आधीच सांगून ठेवलं. शाळेतही कागद दिला.

आईचा शेवटचा प्रश्न होता आंब्याचा. सगळं बंद केलंत, आता तोही? मी विचारलं, आजवर आंबा खाल्लाय का? दर मे महिन्यात, पोट फुटेपर्यंत. काही झालं नव्हतं. मग तो खायचा. नातं आहे म्हणून चालणारं फळ तोडायला मी तयार नव्हतो.

दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळदा वयाबरोबर जाते, काजूची क्वचितच. तिचीही गेलेली नाही. ती आता तेराची आहे. गेल्या मे महिन्यात घरच्या पायऱ्यांचा आंबा घेऊन आली होती. देठाकडचा चीक बापाने आधीच काढून, धुऊन दिला होता.