घाटेअळीची साथ

6 डिसेंबर, राहुरी तालुका
हरभरा फुलोऱ्यात आलाय. कामगंध सापळ्यात पतंग पडतायत आणि मीटरभर ओळीत एकदोन बारक्या अळ्या सापडतात. आता थांबून चालणार नाही. यंदा रासायनिक औषध नको, एच.ए.एन.पी.व्ही. मारायचं. हा घाटेअळीचाच विषाणू आहे, माणसाला आणि मधमाशीला त्याचा त्रास नाही. पण अळी मोठी झाली की तो फारसा लागू पडत नाही.

7 डिसेंबर
ऊन उतरल्यावर फवारलं. टाकीत थोडी नीळ आणि गूळ घातला. अण्णा बांधावरून ओरडले, "नीळ कपड्याला घालतात की हरभऱ्याला?" उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, त्याला नीळ तेवढीच आड. गूळ अळीनं पान आवडीनं खावं म्हणून.

10 डिसेंबर
अण्णांचा आज पुन्हा टोमणा: "अळ्या तर खातायत की मजेत." खाणारच. विषाणू प्रथिनाच्या दाण्यात बंद असतो. अळीच्या आतड्यातल्या तीव्र अल्कलीत तो दाणा विरघळतो, मग आजार सुरू होतो. पाच-सात दिवस धीर धरावा लागतो, आणि आपल्याकडे या औषधाचं घोडं नेमकं तिथंच अडतं.

13 डिसेंबर
शेंड्यांवर अळ्या उलट्या लोंबतायत. एकीला काडी लावली तर कातडी ओल्या कागदासारखी फाटली आणि आतून गढूळ पाणी ओघळलं. त्या थेंबात विषाणूचे असंख्य दाणे. अण्णांनी चष्मा पुसून पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

15 डिसेंबर
पुण्याहून भाची आलीय, प्रयोगशाळेत पेशी वाढवते. फवारायचा विषाणू अळ्यांतच तयार होतो, हे तिला ठाऊक होतं. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. खाद्य? हरभऱ्याचंच पीठ! मी म्हटलं, "एवढा व्याप कशाला? तुमच्या पेशींत वाढवा की."
"वाढतो ना, मामा," ती म्हणाली. पुण्याच्या विषाणू संस्थेत के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली डासांच्या अळ्यांपासून पेशीमालिका तयार केल्या. त्यांतल्याच एकीच्या वाणावर आज जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवतात. त्याच संस्थेत पुढे घाटेअळीच्या पेशीही वाढवल्या. पेशींना 28 अंशांच्या आसपास उबारा आणि पोषक द्रव लागतो. विषाणू घातला की तीनचार दिवसांत पेशीचं केंद्रक चकचकीत दाण्यांनी भरतं. अडचण पुढे येते. बाटलीत विषाणू एका पेशीतून दुसरीत उघडाच जातो, त्याला दाण्याची गरजच पडत नाही. पुन्हा पुन्हा वाढवला की दाणे कमी होत जातात. शेतात मात्र दाण्याशिवाय तो टिकत नाही. शिवाय पोषक द्रव महाग.

16 डिसेंबर
भाची जाताना आणखी एक सांगून गेली. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या कोव्होव्हॅक्स या कोरोना लशीचं प्रथिन अमेरिकन लष्करी अळीच्या पेशींत तयार होतं, तेही याच जातकुळीतल्या विषाणूकरवी. आपल्या मक्याचा पोंगा खाणारी तीच अळी. लसीला तो खर्च परवडतो. हरभऱ्याला हेक्टरी 250 ते 500 एल.ई. विषाणू लागतो, म्हणजे तितक्या रोगट अळ्यांतून निघेल एवढा. तेवढ्यासाठी अजून तरी अळीच स्वस्त पडते.